वांगी रंगाची मोटार

ज्याला वस्तू हवी असते, तोच तिला जास्त नावं ठेवतो. तुम्हीही ठेवता, हसू नका.

जुन्या मोटारी जमवणारे रावसाहेब शितोळे गोदाक्कांच्या दारी आले. नवऱ्यामागे राहिलेली वांगी रंगाची मोटार विकून अक्कांना घरावर छप्पर घालायचं होतं.

“काय हा रंग! वर रेडिओसुद्धा नाही. भंगाराचा भाव देईन,” रावसाहेब म्हणाले.

अक्कांनी भिंतीसाठी कालवलेल्या चुन्याची बादली उचलली. “रंगच नडतोय ना? पांढरी करून देते.”

कुंचला बॉनेटपाशी जाताच रावसाहेब आडवे आले. “अहो अक्का, या रंगाची मोटार तेव्हा फारशी कुणी घेतलीच नाही. म्हणून तर आज ही एकच उरलीय!”

“रेडिओ नाही म्हणता, अन् बातमी तर आत्ताच ऐकली,” अक्का म्हणाल्या. “आता भाव बोला.”