गजरा घिसाडणीचा चिमटा

फार वर्षांपूर्वी, काटेसड्याच्या घाटाला अजून डांबर लागलं नव्हतं आणि तांबड्या फुफाट्यामुळे गावात येणारा पाहुणा आधी शिंकायचा, मग रामराम करायचा, तेव्हाची ही हकिकत. गजराला पाहिलेलं माणूस आता कुणी उरलेलं नाही. पण तिला पाहिलेल्यांच्या मांडीवर बसून ऐकलेली माणसं आहेत, आणि त्यांनी सांगितलं ते असं.

गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या-तांबड्या कातळाचं सपाट मैदान. सपाट आपलं म्हणायचं, पायाखाली सगळे दगडाचे दातच. सड्यावर सडजाईचं ठाणं आणि तिच्या जत्रेत मोटारसायकलींची शर्यत. दुसऱ्या गावांत बैल पळतात, इथे गाड्या पळायच्या, कारण गावातली निम्मी माणसं पलटणीत होती. लढाई संपली आणि पलटणीनं मोडीत काढलेल्या मोटारसायकली घेऊन ती घरी आली. त्यांतल्या काहींना डाव्या अंगाला तिसरं चाक आणि एक पाळणा जोडलेला होता. अशा गाडीला गाव जोडगाडी म्हणायचं. एकानं चालवायचं आणि दुसऱ्यानं पाळण्यात लोंबकळून वळणावळणाला आपलं वजन इकडून तिकडे टाकायचं, नाहीतर गाडी उलटायची. या दुसऱ्याला म्हणायचे वजनदार. गंमत अशी की वजनदार गावातला सगळ्यात हडकुळा माणूस असायचा.

शर्यत पाच फेऱ्यांची, आणि प्रत्येक फेरीत घारवळण यायचं. तिथे रस्ता उजवीकडे वळतो आणि डाव्या हाताला थेट कडा. खाली फिरणाऱ्या घारींच्या पाठी दिसतात. तिसरं चाक कड्याच्या बाजूला, आणि वजनदारही.

अशा त्या गावात एका साली घिसाड्यांची बिऱ्हाडं उतरली. घिसाड्यांत पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि बाई उभ्यानं घण घालते. गजराचा नवरा कधीच वारला होता. लोखंड धरायला तिचा धाकटा भाऊ हरजी बसायचा. गजरा मात्र कधी बसलीच नाही, असं म्हणतात. भाकरी उभ्यानं खायची, चालता चालता पाणी प्यायची, आणि हातात काम नसलं की पालाभोवती फिरत राहायची. बायका म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे.

एक दिवस मल्लू हवालदार आपल्या जोडगाडीचा चिमटा खांद्यावर टाकून आला. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे जे दोन हात असतात, ज्यांच्यात स्प्रिंग दबते आणि उसळते, त्याला गॅरेजवाले चिमटा म्हणतात. हवालदाराचा चिमटा दगडांवर आपटून वाकला होता.

"बाई, चिमटा करशील का?"

"कसला? भाकरी उलटायचा की काटा काढायचा?"

"चाक धरायचा. सडजाईच्या शर्यतीला पाहिजे."

"चाक तर आम्ही बैलगाडीचंबी धरतो," गजरा म्हणाली. "ठेव तिथं."

तिनं मोडक्या लॉरीचे पाटे आणले, तापवले, ठोकले आणि जुन्या चिमट्याबरहुकूम नवा चिमटा उभा केला. हवालदारानं त्याला कानस लावून पाहिली, तर कानसच घसरली. एवढा कडक! त्याच आठवड्यात त्याचा वजनदार तापानं पडला, आणि माकडासारखा चपळ म्हणून हरजीला त्यानं पाळण्यात घेतलं. हरजी हुरळून गेला. जन्मभर दुसऱ्याच्या गावाबाहेर राहिलेल्या पोराला पहिल्यांदाच गाव नावानं हाक मारत होतं.

शर्यतीच्या दुसऱ्या फेरीत, घारवळणाच्या वीस पावलं अलीकडे, तो चिमटा काडकन तुटला.

हवालदार गाडीखाली आला, पण खरचटण्यावर निभावलं. हरजी उडाला आणि करवंदीच्या जाळीत पडला. त्याचा डावा पाय मांडीत मोडला. ती जाळी नसती तर पुढे नुसती हवाच होती.

गजरा धावत आली. आधी भावाला पाहिलं, मग चिमट्याचा तुटका तुकडा उचलला. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी पांढरी, दाणेदार चमकत होती. तिला लगेच कळलं. लोखंड तापवून विझवतात त्याला लोहार पाणी देणं म्हणतात, आणि प्रत्येक वस्तूचं पाणी निराळं असतं. गजरानं आयुष्यभर विळे आणि कोयते केले होते. तिच्या हातानं चिमट्यालाही विळ्याचंच पाणी दिलं होतं. विळ्याला धार टिकवायची असते. चिमट्याला मार खायचा असतो.

"घिसाडणीनं चिमट्याला धार लावली वाटतं!" गुंडू सुतार सगळ्यांसमोर म्हणाला. "पुढच्या साली त्यानं भात कापू!"

माणसं हसली. पण हरजीला झोळीत घालून उतरवताना तो जे बोलला, त्यानं तिची उरलीसुरली झोपही गेली.

"आक्का, पुढच्या साली मीच बसणार."

"पाय गेला तुझा, हर्‍या."

"एक गेला. दुसरा हाय की."

आठव्या दिवशी बिऱ्हाडं हलली. घिसाडी एका गावात राहत नाहीत, पण गजरा मागे राहिली. तांड्याच्या म्हाताऱ्यानं तिला विचारलं, "भावासाठी राहतीस की नावासाठी?" ती म्हणाली, "हा पोरगा ऐकायचा न्हाई. बसायचाच असंल तर माझ्या चिमट्यावर मरू नये, एवढंच."

मग वर्षभर सड्याला तिनं स्वस्थ बसू दिलं नाही, असं म्हणतात. तिनं अकरा चिमटे केले आणि अकराही स्वतःच्या घणानं मोडले. लोखंड पाण्याऐवजी करंजेलात विझवून पाहिलं. एक कणकेसारखं वाकलं, एक काचेसारखं फुटलं. सहावा चिमटा नीट जमला, असं हवालदार म्हणाला, पण तिनं गाडी उतारावर सोडून ब्रेक दाबायला लावला. चिमट्यानं मान खाली घातली, तशी तीन चाकांची गाडी आडवी व्हायला लागली. "दोन चाकांचा चिमटा तीन चाकांना चालत न्हाई," ती म्हणाली. "ह्याला मान घालायची सवय हाय." तिनं तोही मोडला. त्यापुढच्या चिमट्यांना चाकाच्या मागून पुढे येणारे दोन आडवे हात केले, बाळाच्या पाळण्याच्या कड्यांसारखे झुलणारे. आता ब्रेक दाबला की गाडी मान ताठ ठेवायची.

ती रोज अनवाणी सडा चालायची. चालताना मोजायची, आणि परत येऊन तेवढेच ठोके घालायची. सड्यावर जितके दगड तितके ठोके बाराव्या चिमट्यात बसले, असं म्हणतात, आणि एकदा दगड सांगितला की तो चिमटा कधी विसरायचा नाही. स्प्रिंगांच्या नळ्यांत तिनं करंजेल भरलं, कारण तेलाशिवाय स्प्रिंग दगड ओलांडून गेल्यावरही डुलत राहते. पण करंजेल सकाळी थिजतं आणि उन्हात पातळ होतं. म्हणून ती भर दुपारी, शर्यतीच्या वेळेला, तापल्या कातळावर गाडी उभी करून तेल कमी-जास्त करायची. हवालदार आणि हरजी दोघे चढले की चिमटा बरोबर तीन बोटं दबला पाहिजे. चार नाही, अडीच नाही.

"तीनच का?" हवालदार घाम पुसत म्हणायचा. "माझं जेवण झालं की साडेतीन होतंय."

"मग जेवू नका."

जत्रा आली. हरजीचा पाय जुळला होता, पण आखूड. तो लंगडत सड्यावर आला आणि पाळण्याला हात घातला. गाड्या ओळीत उभ्या होत्या. गुरवानं घंटेवर हातोडी उगारली होती. ती पडली की शर्यत सुटणार.

गजरानं भावाची मानगूट धरली.

"उतर."

"आक्का, सगळी बघत्यात."

"बघू देत. उजव्या वळणाला तुला डाव्या पायानं रेटा द्यायचाय. त्यो पाय तुला उभं करत न्हाई, गाडी कशी उभी करंल?"

"मग कोण बसणार? ह्या चिमट्यावर दुसरा कोण बसतोय?"

ते खरं होतं. हवालदारानं गावात आठ जणांना विचारलं होतं. आठही जणांना त्याच दिवशी लग्नाला जायचं होतं.

"चिमटा मी केला," गजरा म्हणाली. "वजन मी देते."

गुंडू सुतारानं तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. गजरानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोवला, पाळण्यात पाय ठेवला, आणि लगेच पुन्हा खाली उतरली.

"भ्यायली," कुणीतरी पुटपुटलं.

"पाना द्या," ती म्हणाली.

हवालदार कळवळला. "बाई, वर्षभर तेच केलंस की. आता काय राहिलं?"

"हर्‍याचं वजन निराळं, माझं निराळं. बसा, बघू द्या." तिनं एक पाय पाळण्यात टाकून भार दिला आणि वाकून बोटं लावली. "साडेचार. बघा. ह्यावर घारवळण घेतलं असतं तर खाली टेकला असता."

तिनं नट वळवले. पुन्हा चढली, पुन्हा बोटं लावली. पुन्हा उतरली. एका नळीत पळीभर तेल वाढवलं. ऊन डोक्यावर होतं, इंजिनं तापत होती, चालवणारे शिव्या घालत होते, आणि गुरवाचा हात हातोडीसकट तसाच वर. "आई, हात गळून पडतोय!" तो देवीला म्हणाला. पण त्यानं हात खाली घेतला नाही. गजरानं चौथ्यांदा बोटं लावली. तीन.

घंटा वाजली.

पहिल्या चार फेऱ्यांबद्दल कुणी फारसं सांगत नाही. पाचव्या फेरीला घारवळणावर पुढची गाडी घसरली आणि हवालदाराला कड्याकडे यावं लागलं. तिसरं चाक कड्याबाहेर गेलं. खालच्या घारींनी वर पाहिलं, असं म्हणतात. गजरा डावा पाय पाळण्यात अडकवून हवालदाराच्या पाठीमागून उजवीकडे एवढी झुकली की तिच्या अंबाड्याला कातळ घासला. त्याच क्षणी पुढच्या चाकासमोर हातभर उंचीचा दगड आला. आता दगड बसणार, तोल जाणार आणि दोघं घारींकडे जाणार, हे सगळ्यांनी पाहिलं. पण दगडापाशी चाक पोचायच्या आधीच चिमट्यानं चाक उचललं, जसं गुडघ्याला माहीत असलेला उंबरठा माणूस न बघता ओलांडतो तसं. त्यानं दगड पार केला आणि चाक अलगद खाली ठेवलं. गाडी आत आली.

पहिला नंबर कुणाचा आला, ते आज कुणालाच आठवत नाही.

गजरा उतरली आणि हरजीपुढे उभी राहिली. कान, गाल, सगळं धुळीनं तांबडं. "आता बस पुढच्या साली," ती म्हणाली. "पण तुझ्या वजनावर पुन्हा बोटं लावून."

हरजी हसला नाही. त्यानं तिचे हात धरले. बोटं अजून पाळण्याची कड धरल्यासारखी आखडलेली होती, ती त्यानं एकेक करून सोडवली. "न्हाई बसत, आक्का," तो म्हणाला. "चल, आपली माणसं गाठू."

गावानं राहा म्हणून आग्रह केला, गुंडू सुतारानं आपल्या सुतारशाळेशेजारची जागा देऊ केली. पण दुसऱ्या दिवशी दोघं बैल जुंपून घाट उतरली. ती पुढे कुठे गेली, कळलं नाही.

काटेसड्यावर आजही शर्यत होते. आता तयार चिमटे येतात, शहरातून, परदेशातूनही. पण शर्यतीआधी जोडगाडीची एक फेरी निराळी सुटते. तिला गजराची फेरी म्हणतात. त्या फेरीत वजनदार बसत नाही. ज्यानं चिमटा केला किंवा बसवला, त्यानंच पाळण्यात चढायचं. ओवाळायला आलेल्या बायका तबकात हळदकुंकवाशेजारी एक पाना ठेवतात. काही कारागीर हसत हसत येतात, पाळण्यात पाय ठेवतात, घारवळणाकडे बघतात, आणि मग तबकाकडे. पाना उचलणाऱ्याला काटेसड्यात कुणी हसत नाही. गुरव हातोडी वर धरून उभा राहतो आणि सगळा सडा, इंजिनं बंद करून, थांबतो.