ये पोरी, उघडंच आहे

या, आत या, असं चौकटीशी घुटमळू नका. दार शोधताय होय? शोधा, येणारा प्रत्येक जण शोधतो. सागाची चौकट आहे, बिजागऱ्या आहेत, कडीसाठी ठोकलेला कोयंडासुद्धा आहे. दार तेवढं नाही. मागे एक पाहुणे मला विचारत होते, "मावशी, दार चोरीला गेलं का?" म्हटलं, "साहेब, चोर एवढ्या चांगल्या बिजागऱ्या ठेवून जाईल का?"

मला इथे तबिथामावशी म्हणतात. झाडलोट माझ्याकडे असते, म्हणून गावातली टवाळ पोरं येता-जाता विचारतात, "मावशी, देवळाची किल्ली हरवली नाही ना?" आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. तर या जांभूळदऱ्याच्या देवळाला ना दार, ना कुलूप. शेळ्या येतात, कुत्री येतात, पावसात पुढची सतरंजी भिजते. तरी दार बसवायचं नाव कोणी काढत नाही. का, ते सांगते. बसा. नाही, दाराजवळच्या त्या कोपऱ्यात नको. जरा इकडे सरका.

फार जुनी गोष्ट. इथले पहिले उपदेशक हनोखबाबा. त्यांचा उपदेश कीर्तनाच्या वळणाचा, असं सांगतात. बोलता बोलता गाणार, गाता गाता रडवणार. साथीला ढोलकी असायची. आसपासच्या वाड्यांवरची माणसं केवळ ऐकायला यायची म्हणे. पण माणूस शिस्तीचा, अगदी कडक. घंटा झाली की दार बंद. उशिरा आलेल्याने पायरीवर बसायचं, आमेन झाल्यावर आत यायचं. मग तो कोणी का असेना.

बाबांना एकच मुलगी, सलोमी. आई लहानपणीच वारलेली, बापानेच वाढवलेली. ती त्या ढोलकीवाल्याबरोबर निघून गेली. तो पुढे एका तमाशाच्या फडात लागला आणि ही त्याच्या मागे गावोगाव हिंडायला लागली. बाबांनी भर उपासनेत उभं राहून सांगितलं, "मला मुलगी नाही. तिचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही." शब्द तिच्या कानावर गेलेच. असले शब्द पोचवायला माणसं कधी कमी पडतात का हो?

त्या दिवसापासून देवळातली ढोलकी बंद झाली. पण बाबांच्या उपदेशाला ठेका तर हवा. मग ते मूठ वळून समोरच्या लाकडी मेजावर ठोकायचे. बोलायचे आणि ठोकायचे, ठक, ठक. लोकांना हळूहळू त्याचीच सवय झाली. हे ध्यानात ठेवा, पुढे सगळा घात इथेच झाला.

पुढे मानमोडीच्या तापाची साथ आली. घरटी एक तरी माणूस आडवं पडलं. बाबा दिवसभर कबरीशी उभे असायचे, दुसऱ्यांच्या लेकी पुरायचे. आपली कुठे असेल, जगली असेल का, हे विचारायची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नव्हती. मन कधीच विरघळलं होतं म्हणे, पण बोलून दाखवायला जीभ वळेना. बापमाणसाचा ताठा, दुसरं काय!

अशात एका रविवारी त्यांनी उपदेशाला बायबलातलं ते वचन घेतलं, ठोका म्हणजे उघडलं जाईल. असा उपदेश त्यांनी आधी कधी केला नव्हता. "ठोकत राहा, लेकरांनो," ते म्हणत होते, "हात दुखले तरी ठोका. आत बाप आहे, तो उघडतो." आणि प्रत्येक वेळी मेजावर मूठ, ठक, ठक. माणसं रडत होती, टाळ्या वाजवत होती. बाबांच्या डोळ्यांतूनही धार लागली होती.

त्याच वेळी सलोमी बाहेर पायरीवर उभी होती.

नवरा तापात गेला होता, हातातली काकणं उतरवायचीही राहिली होती. तिलाही ताप चढला होता, आवाज बसला होता. मरायचं तर बापाच्या दारात, म्हणून पायी चालत आली होती. बंद दारातून तिने बापाचा आवाज ऐकला. ठोका म्हणतोय, उघडतो म्हणतोय. तिने ठोकलं. हातातली काकणं फुटेपर्यंत ठोकलं. आत दाराला टेकून बसलेल्या येशुदास कारभाऱ्यालाही आवाज आला होता म्हणे. त्याला वाटलं, बाबाच मेज ठोकताहेत. अगं बाई, सगळ्यांना तसंच वाटलं! खुद्द बाबांनाही तो आपल्याच मुठीचा आवाज वाटला.

आमेन झालं, दार उघडलं. पायरीवर हिरव्या काकणांचे तुकडे होते. कोणाच्या तरी पायाला लागतील म्हणून एका बाईने ते पदराने कडेला सारले. तेवढ्यात माळावरून एक धनगरीण धावत आली. ओढ्याकाठच्या चिंचेखाली एक बाई पडलीय, म्हणाली, बापाचं नाव हनोख सांगते.

बाबा अनवाणी धावले. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

धनगरणीने तिला पाणी पाजलं होतं. तिने विचारलं होतं, "अगं, बापाच्या दारापर्यंत गेलीस, मग मागं का फिरलीस?" त्यावर सलोमी म्हणाली होती, "बाबा सांगत होते ठोका म्हणून, म्हणून मी ठोकलं. मग कळलं मला. ते सगळ्यांना सांगतात. मला नाही."

हे ऐकून बाबा तिच्या उशाशी बसले. "अगं, तुझ्यासाठीच गं," एवढंच म्हणत राहिले. "आजचा सगळा उपदेश तुझ्यासाठीच होता गं." हे ऐकायला ती कुठे होती? एवढंच एक वाक्य आधी बोलला असता माणूस, तर?

साथीमुळे पेटीला फळ्या मिळेनात. तेव्हा बाबांनी पहार आणली आणि स्वतःच्या हाताने देवळाचं दार उतरवलं. त्याच्यावर लेकीला निजवून आणली आणि त्याच्यासकट पुरली. पुढे गावाने नवं दार करायला घेतलं, तर बाबा चौकटीत आडवे उभे राहिले.

त्यानंतर त्यांनी उपदेश केला नाही. रविवारी यायचे, आत मात्र पाऊल टाकायचे नाहीत. ती जिथे उभी राहिली होती तिथे उभे राहून चौकटीवर मूठ ठोकायचे. पहिल्यांदा लोक गोंधळले, एकमेकांकडे बघायला लागले. मग येशुदास कारभारी उठला. मनाला लागलं होतं ना त्याच्या! रडत रडत म्हणाला, "ये पोरी, उघडंच आहे." तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात.

आजही दर रविवारी उपदेशाआधी पाळकसाहेब बाहेर जातात आणि चौकटीवर ठोकतात. आम्ही सगळे दाराकडे वळतो आणि एका सुरात म्हणतो, "ये पोरी, उघडंच आहे." बोबडी बोलणारी लेकरंसुद्धा तिला पोरीच म्हणतात. मग आम्ही थोडं सरकून बसतो. दाराजवळचा तो कोपरा त्यासाठीच मोकळा असतो, म्हणून मघाशी तुम्हाला सरकायला सांगितलं. राग मानू नका.

आताचे पाळकसाहेब नवे आले तेव्हा मला म्हणाले, "मावशी, मीही म्हणतो की तुमच्याबरोबर. पाळकाने गप्प का राहायचं?"

म्हटलं, "नाही साहेब, तुम्ही तेव्हा बाहेर असता. बाहेरच्याने फक्त ऐकायचं. तिचं तेवढंच राहून गेलंय."