भरून आलेली डबी

क्रीमच्या डब्यांवरचा मजकूर मी लिहितो, आणि ही गोष्ट सांगताना आजही माझी मान वर होत नाही.

आमचे मालक दिघावकरसाहेब. आपली कंपनी निसर्गाची किती काळजी घेते, हे मिरवायची त्यांना भारी हौस. कारखान्यामागच्या गावात त्यांनी घरोघर क्रीमची डबी फुकट वाटली आणि महिन्याने समारंभ ठेवला. रिकामी डबी परत द्यायची, तिचा पुन्हा वापर होणार, साहेबांसोबत फोटो निघणार.

पहिल्या आल्या हौसाबाई खरात. साहेबांनी हसत डबी हातात घेतली, तर ती जड लागली.

"बाई, रिकामी आणायची होती ना?"

"शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं धाडायचं, साहेब? आमच्यात तशी रीत नाही. आमच्याकडं जे होतं, ते घातलं."

साहेबांनी झाकण उघडलं. आत काळपट, फेसाळ पाणी होतं. वासाने फोटोग्राफरसुद्धा मागे सरला.

"हे काय आहे?"

"आमचा ओढा. तुमच्या कारखान्याचा पाइप पडतो, तिथून भरलाय."

मागे रांगेत चाळीस बाया उभ्या होत्या. एकीचीही डबी रिकामी नव्हती.

हौसाबाईंनी डबीवरची ओळ मोठ्याने वाचली, "'गावच्या ओढ्यासारखं निर्मळ.' हे कुणी लिहिलं?"

साहेबांनी गुपचूप माझ्याकडे बोट केलं.

बाई रागावल्या नाहीत. डबी माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्ही ओढा पाहिला नसंल, दादा. म्हणून घेऊन आले."