तीनदा मीठ खाल्लेल्या भाजीची कहाणी

ऐका गौरीबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, पण आपली गोष्ट तिथं घडली नाही. नगरापासून लांब, खाडीच्या पल्याड घडली.

नगरात एक घर होतं. घरात सासू होती, तीन सुना होत्या. भादव्यात गौर येई. सोळा भाज्यांची एक भाजी होई, कटाची आमटी होई, पुरणपोळी होई. देवीच्या आधी कुणी चाखायचं नाही, असा नेम. मग मिठाचं कसं कळावं? सासू झाकण काढी, वाफ हुंगी, डोळे मिटून सांगी, "चिमूटभर हवं." तसं चिमूटभर पडे. धाकटी सून वेणू. ती दळी, ती खवी, ती भांडी घाशी. मिठाच्या बरणीला हात लावायला गेली, की सासू म्हणे, "ठेव गं ती. तुझ्या हातानं घात होईल."

मग एके वर्षी राजाचा हुकूम आला. "खाडीपल्याड माझ्या मिठाच्या राशी आहेत. पावसात विरघळल्या, तर राखणदाराची खैर नाही." धाकटा मुलगा राखणीला निघाला. मागं वेणू निघाली, तिच्या कडेवर रांगतं लेकरू निघालं. सासूनं वेशीवर सांगितलं, "सूनबाई, जिथं चूल, तिथं गौर. उतू नकोस, मातू नकोस, झाकण काढून चाखू नकोस. हे लेकरू गौरीनं दिलंय. ती पानावरून उपाशी उठली, तर पुन्हा उंबरा चढायची नाही." वेणूनं ऐकलं. खाडी ओलांडेपर्यंत तेच घोकत राहिली.

भादवा आला. खाडीला उधाण आलं, होडी बंद झाली. जवळ सासू नाही, जावा नाहीत. वेणूनं पाणवठ्यावरून पाच खडे आणले, पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. मग चूल पेटवली.

भाजी रटरटू लागली. वेणूनं मीठ घातलं. तोच लेकरू रडलं. ती धावली, पाजून आली. घातलं की नाही? आठवेना. पुन्हा घातलं. तोच लेकरू निखाऱ्याकडे निघालं. ती धावली, उचलून आली. घातलं की नाही? आठवेना. नवरा ओटीवर होता. त्याला विचारलं, "अहो, मी भाजीत मीठ घातलं का हो?"

"मला काय ठाऊक? मी राजाचं मीठ राखतो, तुझं नाही."

मग तिनं पुन्हा घातलं. भाजीनं तीनदा मीठ खाल्लं. आमटीची पाळी आली. वेणू म्हणाली, "हिला घातलंच असणार. मघापासून दुसरं करतेय काय मी!" आमटी तशीच खाली उतरली. वेणूनं सासूसारखं झाकण काढलं, वाफ हुंगली, डोळे मिटले. डोळ्यांत धूर गेला. बाकी काही कळलं नाही.

खड्यांना नैवेद्य दाखवला. आता सवाशीण हवी. सवाशीण जेवली, की गौर जेवली. वेणू पहिल्या दारी गेली. "बाई, जेवायला येता?" बाई म्हणाली, "अगं, माझीच सवाशीण पानावर बसलीय." दुसऱ्या दारी गेली. दाराला कडी, बाई माहेरी. तिसऱ्या दारी गेली. तिथं शेळी बांधलेली. शेळी यायला तयार होती, पण तिच्या कपाळी कुंकू नव्हतं.

वेणू रडकुंडीला येऊन परत फिरली. पाहते तो आपल्याच उंबऱ्यावर एक म्हातारी. कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा, तोंडात एक दात. म्हणाली, "पोरी, वाट कुणाची बघतेस? वास खाडीपर्यंत आला. वाढ."

पान मांडलं. म्हातारीनं भाजीचा घास घेतला. तिचा एक डोळा मिटला. तांब्याभर पाणी प्याली.

"काय झालं, आजी?"

"काही नाही गं. खाडीचं उधाण भाजीत कसं चढलं, ते बघते."

मग आमटी भुरकली. दुसरा डोळा मिटला. "आणि हिनं तर मीठ लांबूनसुद्धा पाहिलं नाही."

वेणूनं लेकरू छातीशी घट्ट धरलं. "आजी, उठू नका. बिघडलं माझ्या हातून. चाखायचं नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं. मागाल ते करते, पण उपाशी उठू नका."

"उठतंय कोण? आत्ताशी बसलेय. रडं आवर, भाजी आमटीत ओत, आणि ढवळ."

वेणूनं ओतली, ढवळली, वाढली. म्हातारीनं घास घेतला. दोन्ही डोळे उघडले. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. तिसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा खाल्लं. वर पुरणपोळी खाल्ली, आणि भलामोठा ढेकर दिला.

"घाबरतेस काय? तुझ्या सासूनं पहिल्या वर्षी पुरणात मूठभर मीठ घातलं होतं. गूळ आमटीत गेला होता. तेव्हापासून ती वाफा हुंगते. वाफेत काय कळतंय? तेवढाच जिवाला धीर."

"तुम्हाला कसं ठाऊक, आजी?"

"मग पानावर कोण बसलं होतं? मीच. निमूट खाल्लं, आणि परतताना वेशीवरची विहीर आटवली."

वेणू तांब्या भरायला वळली. मागं बघते तो पाट रिकामा. अंगणातून थेट खाडीपर्यंत कुंकवाची पावलं.

दुसऱ्या दिवशी उधाण ओसरलं. पहिल्या होडीनं सासू आली. काखेत मिठाची बरणी. मिठाच्या गावाला मीठ घेऊन आली, का तर मागं थोरल्या सुनांच्या हाती बरणी द्यायची नव्हती. पाय धुतले न धुतले, तशी चुलीकडे गेली. उरलेली आमटी तापत होती, तिचं झाकण काढलं, वाफ हुंगली, बोट बुडवून चाखलं. "मीठ बरोबर पडलंय. कुणी सांगितलं?"

"गौर सांगून गेली, सासूबाई. तुमचीही आठवण काढली. पहिल्या वर्षीच्या पुरणाची."

सासूनं झाकण ठेवलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हळूच म्हणाली, "थोरल्यांना कळवलंस?"

"नाही."

मग सासूनं काय केलं? काखेतली बरणी काढली, वेणूच्या हाती दिली, आणि तिच्या कडेवरचं लेकरू आपल्या कडेवर घेतलं. म्हणाली, "पुढल्या वर्षापासून मीठ तू घाल. ह्याला मी धरते."

जशी गौर वेणूच्या पानावर बसली, तशी परमुलखी एकटीनं रांधणाऱ्या लेकीसुनांच्या पानावर बसो. तुमच्या आमच्या खारटाला अळणी भेटो, आणि लेकरं चुलीपासून लांब राहोत. साठां उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी शिजली, सगळ्यांना पुरली, सुफळ संपूर्ण झाली.