खुराड्याचा दरवाजा

शाळेची व्हॅन चालवणाऱ्या कुंदाताई घरतांना गाडी आजच हवी होती. नाहीतर उद्या मुलं शाळेत कशी जाणार? टेम्पोच्या धडकेत व्हॅनचा दरवाजा चेपला होता. गॅरेजवाल्या भोईरशेठनी तोच ठोकून, रंगवून बसवला आणि विम्याच्या बिलात ‘नवा दरवाजा’ लिहिला.

“सही करा, तरच चावी. पैसे कंपनीचे, तुमच्या बापाचं काय जातंय?”

“हप्ते आम्हीच भरतो, शेठ. पण करते सही. फक्त काढलेला जुना दरवाजा द्या. कोंबड्यांच्या खुराड्याला लावीन.”

शेठनी व्हॅनकडे पाहिलं. जुना दरवाजा तिथेच चकाकत होता. त्यांनी ते बिल फाडून टाकलं आणि नवं, खरं बिल लिहिलं.

चावी घेत कुंदाताई म्हणाल्या, “बरं झालं शेठ. आमच्याकडे कोंबड्याच नाहीत.”