खिडकीतला कप

मी सांगितलं, तर कोणी खरं मानलं नाही. रागावून नाही, अगदी मायेने नाही म्हणाले. "बाई, दुसरीकडे कुठे झालं असेल. या घरात असं होणं शक्यच नाही." आता यावर माणसाने बोलायचं काय?

एकदा एका गावात एका थोर माणसाचं घर होतं. होतं म्हणजे अजून आहे. शिवाशिवीच्या काळात त्या माणसाने आपल्या ओट्यावर पाण्याचा तांब्या ठेवला. येईल त्याने त्याच तांब्याने प्यायचं, आणि सगळे प्याले की शेवटी ते स्वतः प्यायचे. गावाने वाळीत टाकलं, तरी तांब्या हलला नाही. ते गेल्यावर घराचं संग्रहालय झालं. चष्मा, काठी, पत्रं, आणि मधोमध काचेच्या कपाटात तो तांब्या.

घर सांभाळायला एक वृद्ध गुरुजी होते. थोर माणसाच्या हाताखाली वाढलेले, गाव त्यांच्या पाया पडायचं. त्यांच्याजवळ शिकायला एक शिष्य राहिला होता, तिशीतला, भरपूर शिकलेला, घरावर जीव टाकणारा. झाडलोट माझ्याकडे. तांब्याही मीच घासायची, चिंच लावून.

आणि चहाची वेळ झाली की चहा करणारी बाई निळ्या काठाच्या कपांचा ट्रे फिरवायची. मी एकदा त्या ट्रेमधला एक कप उचलला. त्या दिवसापासून तो कप माझाच झाला. मोरीच्या खिडकीत गेला. मी तो विसळायचा, तिथेच उपडा घालायचा. वर्षं गेली, त्याचा कान तुटला, तरी खिडकी काही सुटली नाही. तोंडाने कोणी काही बोललं नाही हं. बोलायची गरजच काय? थोर माणसाच्या तांब्याला माझा हात चालत होता, स्वयंपाकघरातल्या कपाला चालत नव्हता.

गुरुजींना सांगितलं, त्यांनी काय उत्तर दिलं ते वर लिहिलंच आहे. शिष्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, कान तुटलाय म्हणून बाजूला ठेवला असेल. मी नवा आणतो."

"आण की. तोही खिडकीतच जाईल."

तो हसला. मी हसले नाही. मग मी आमच्या वस्तीत सांगितलं. तिथे मात्र कोणी पुरावा मागितला नाही.

आता आमच्या वस्तीची एक रीत होती. थोर माणसाच्या पुण्यतिथीच्या आधी घरटी एक माणूस चुना घेऊन यायचा आणि त्या घराला हात फिरवून जायचा. मजुरी नाही, आमंत्रण नाही. आजोबा त्या ओट्यावर पाणी प्याले होते, म्हणून नातू चुना लावायचा. घर त्यावर उभं होतं. त्या वर्षी कोणी फिरकलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. भिंतींना पोपडे आले, ओल पत्रांपर्यंत पोचली. विश्वस्तांनी बजावलं, या पुण्यतिथीला वस्ती आली नाही तर घराला कुलूप, वस्तू शहरात हलवू.

शिष्याचं जेवण सुटलं. ओटा ते माजघर, माजघर ते ओटा, नुसत्या येरझाऱ्या. वस्तीत जाऊन हात जोडून आला. कधी म्हणे रंगारी लावू, कधी म्हणे रोषणाई करू. शेवटी गुरुजींसमोर येऊन बसला. "गुरुजी, माणसं कृतघ्न झाली. ज्यांच्यासाठी या घराने वाळीत राहणं सोसलं, त्यांनाच हे घर नको आहे."

मी केरसुणी टाकली. "कृतघ्न कोणाला म्हणतोस रे? त्यांना माझा कप ठाऊक आहे."

गुरुजींनी मान वर केली. काठी टेकत उठले आणि मोरीकडे गेले. परत आले ते हातात तो कप घेऊन. तळाशी चहापत्ती चिकटलेली. त्यांनी किल्ली मागितली, काचेचं कपाट उघडलं, तांब्या बाहेर काढला आणि त्याच्या जागी तो कप ठेवला. तांब्या चहा करणाऱ्या बाईच्या हातात दिला. "पाणी भर, ओट्यावर ठेव. आजपासून सगळे यानेच पितील."

शिष्य घाबरला. "गुरुजी, ऐतिहासिक वस्तू आहे ती. खराब होईल."

गुरुजी खाली बसले. म्हणाले, "वत्सा, जे वापरातून गेलं ते आपण कपाटात ठेवतो. या घरात समता कपाटात गेली आणि भेद रोज चहाच्या वेळी वापरात राहिला. लोक आले, हात जोडून तांब्याचं दर्शन घेऊन गेले. आपणही तेच करत होतो. थोर माणसाचं घर आहे म्हणून ते आपोआप पवित्र राहील, असं आपण धरून चाललो. मुरलेली ओल रंगाखाली झाकता येते, बरी होत नाही. आधी ती दाखवावी लागते. आता याचं कार्ड लिही."

तिथे प्रत्येक वस्तूखाली कार्ड असतं. वस्तू कोणती, काळ कोणता, कोणी ठेवली. शिष्याने लिहिलं, 'चहाचा वेगळा कप. काळ, चालू.' आणि थांबला. "ठेवणारा म्हणून कोणाचं नाव? चहावाल्या बाईंचं?"

ती दारातूनच म्हणाली, "मी ठेवला, खरं आहे. पण इतक्या वर्षांत 'हा इथे का' म्हणून एकाने विचारलं नाही मला."

"मग विश्वस्तांच्या चिटणिसांचं लिहू? कारभार तेच बघतात."

गुरुजी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "कप हिचा आहे. हिला विचार."

मोठ्यांचा मान राखावा म्हणतात. आजवर राखतच आले होते. मी म्हणाले, "गुरुजी, बाकीच्यांना मी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. सगळ्यात आधी तुमच्याकडे आले होते, कारण तुमच्या शब्दावर एका दिवसात तो कप हलला असता. तुम्ही खिडकीपर्यंत उठून गेला नाहीत."

शिष्य माझ्यावर डोळे वटारायला लागला. गुरुजींनी त्याला हाताने थोपवलं. "खरं आहे. पाहिलं असतं तर मानावं लागलं असतं. घराच्या नावाला डाग लागेल म्हणून मी पाहिलंच नाही. लिही. नुसतं गुरुजी नको लिहूस, गुरुजी म्हटलं की कोणी दोष देत नाही. पूर्ण नाव लिही."

पुण्यतिथीला वस्ती आली. चुना आणला नव्हता, आधी बघायला आले. आमची काशीआत्या कपाटापाशी गेली, नातीकडून कार्ड वाचून घेतलं, दोनदा. मग ओट्यावर येऊन तांब्याने पाणी प्यायली, तांब्या गुरुजींच्या हातात दिला, आणि ते प्याल्यावर नातीला म्हणाली, "जा, चुन्याची बादली आण."

घर उभं आहे. कार्डही तिथेच आहे. ठेवणारा, त्र्यंबक रघुनाथ घारपुरे.