बाहेरचा म्हणतो

दुपारचे साडेचार. देवखडीच्या मठाची ओसरी. उंबऱ्याबाहेर एक माणूस उभा, आत दोघं बसलेले.

"निवृत्तीने नाही, तर मग कोणी केलं?" वरुण नाडगौडाने विचारलं.

मठाचे गुरू निरंजनबुवा उंबऱ्याकडे पाहत होते.

वरुण इंजिनियर. शहरातली नोकरी सोडून मठात आला होता. मठाची वेबसाइट त्याने एकट्याने उभी केली होती आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. त्याच वेबसाइटच्या पहिल्या पानावर बुवांच्या नावाने एक सूचना झळकली होती. साधकांनी गोळ्या-इंजेक्शनं बंद करावीत, मठाची विभूती पुरेशी आहे.

बुवा असं कधीच म्हणाले नव्हते. ते स्वतः रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात.

सूचना आठवडाभर तशीच राहिली. एवढ्या मोठ्या मठात कोणालाही आपलं पहिलं पान उघडून पाहावंसं वाटलं नाही. तोवर शेवंताबाई गुजर या साधिकेने इन्सुलिन बंद केलं होतं. ती आता तालुक्याच्या रुग्णालयात बेशुद्ध पडली होती. उंबऱ्याबाहेर उभा होता तो तिचा मुलगा, रामकिसन.

वेबसाइटचा पासवर्ड दोघांकडेच. एक वरुण, दुसरा फोटो चढवणारा निवृत्ती. वरुणने हिशेब लगेच मांडला. विश्वस्तांनी माना डोलावल्या. पुरावा कोणी मागितला नाही. निवृत्तीची वळकटी बांधून दाराशी ठेवली होती. संध्याकाळच्या एसटीने त्याला घालवायचं ठरलं होतं.

"मी नव्हतो. मग तोच," वरुण म्हणाला.

"बाहेर कोण आहे?" बुवांनी विचारलं.

बुवांना कमी ऐकू येतं. मठाची रीत मात्र त्याहून जुनी. बाहेरून आलेला उंबऱ्यापाशी बोलतो. शिष्य ते गुरूच्या कानाशी शब्दन् शब्द सांगतो. आणि दर वेळी आधी म्हणतो, 'बाहेरचा म्हणतो.' मगच पुढचं.

वरुणला या रीतीचं हसू येई. समोर माणूस दिसतोय, मग हे शेपूट कशाला? कोण बोलतंय ते आंधळ्यालाही कळेल, असं तो इतर शिष्यांना ऐकवायचा.

तो उंबऱ्यापाशी गेला. रामकिसन जे बोलला ते त्याने बुवांच्या कानाशी येऊन सांगितलं. नुसतंच, शेपूट गाळून.

"तुमच्या शब्दापायी माझी माय मरायला टेकली. गळ्यातली माळ काढून ठेवा अन् बाहेर या."

बुवांनी माळ काढली.

ती पाटावर ठेवली. भिंतीला हात लावून उठले. उंबऱ्याकडे चालू लागले…

"बुवा, थांबा." वरुणने त्यांचा हात धरला. "हे मी नाही म्हणालो. तो म्हणतोय."

"मला तुझाच आवाज आला."

"पण शब्द त्याचे होते."

"मला कसं कळावं?"

…

वरुणने त्यांचा हात सोडला. मग लॅपटॉप घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात बसला.

वेबसाइटवर 'साधकांचे अनुभव' नावाचं पान आहे. तिथे कोणीही लिहू शकतं. एका अनुभवात चार भक्तिभावाच्या ओळी होत्या आणि त्यांच्या पोटात ब्राउझरसाठी एक छोटा हुकूम. पान ज्या थीमवर उभं होतं, म्हणजे वेबसाइटचं जे तयार रूप वरुणने फुकट उतरवून घेतलं होतं, ती थीम आलेला मजकूर जसाच्या तसा पानात ओतत होती. त्यामुळे तो हुकूम मठाच्याच पानाचा भाग झाला.

आठवड्यापूर्वी वरुणने तो अनुभव वाचायला पान उघडलं, तेव्हा तो वेबसाइटचा चालक म्हणून आत होता. ब्राउझरला वाटलं, मठच सांगतोय. त्याने वरुणच्याच अधिकाराने सूचना लिहून टाकली. पासवर्ड कोणी फोडला नव्हता. तशी गरजच पडली नव्हती.

थीम बनवणाऱ्याने हे भोक बुजवून नवी आवृत्ती काढली होती. वरुणला तसा निरोपही आला होता. नव्या आवृत्तीत शीर्षकाचा भगवा रंग बदलत होता, म्हणून त्याने ती घेतली नव्हती.

रंगासाठी.

त्याने नवी आवृत्ती चढवली. मग थीममधली एकेक जागा तपासली. बाहेरचा मजकूर जिथे जिथे पानावर येत होता, तिथे त्यातल्या हुकमाच्या खुणा साध्या अक्षरांसारख्या दिसाव्यात अशी सोय केली. ब्राउझरने त्या दाखवायच्या, पाळायच्या नाहीत. मग त्याने तोच अनुभव पुन्हा उघडला. हुकूम पानावर निरर्थक ओळीसारखा पडून होता. काही घडलं नाही.

वरुण दाराशी गेला आणि निवृत्तीची वळकटी सोडली. निवृत्ती भिंतीला टेकून बसला होता. वरुणने माफी मागितली.

"चादर नीट घडी कर," निवृत्ती म्हणाला. "बांधताना चुरगाळलीस तूच."

उंबऱ्याबाहेर रामकिसन अजून उभाच होता. वरुणने त्याला सगळं सांगितलं. बुवांनी ते लिहिलं नाही. निवृत्तीनेही नाही. ज्याने लिहिलं तो सापडलेला नाही. पण ते मठाच्या तोंडून गेलं, आणि ते तोंड मी उघडं ठेवलं होतं.

रामकिसनने ऐकून घेतलं. "मायला काय सांगू?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता रुग्णालयाकडे गेला.

दिवेलागणीला विश्वस्तांचं निवेदन आलं. पाच ओळींचं. त्यात शेवंताबाईचं नाव नव्हतं. थीम कोणी निवडली, निरोप कोणी दुर्लक्षिला, तेही नव्हतं. बुवांनी ते वाचून दाखवायला सांगितलं.

वरुण त्यांच्या कानाशी वाकला.

"बाहेरचा म्हणतो," तो म्हणाला. मग थांबला. "विश्वस्त म्हणतात… हे एका अज्ञात व्यक्तीचं कृत्य आहे. वेबसाइट आता पूर्ण सुरक्षित आहे. मठाच्या दृष्टीने विषय संपला आहे."

माळ अजून पाटावरच होती. बुवांनी ती उचलली नाही.

"आणि शेवंताबाई काय म्हणते?"